जांभळ्या पेन्सिलीचे अभिप्राय

९ जानेवारी १९८३, रविवार

बाइंडरकडून पुस्तकं आली. गठ्ठे मी एकेक करून, दोन्ही हातांनी छातीशी धरून उतरवले ते हातगाडीवाल्याने पाहिलं. "जड हाय का, बापू?" म्हणाला. मी म्हणालो, "हो रे, विषय जड आहे."

चौतीस वर्षं छापखान्यात उभं राहून दुसऱ्यांची पुस्तकं जुळवली. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण सगळं खिळ्यांच्या पेटीपुढे. शिशाची अक्षरं उलटी जुळवायची, उलटीच वाचायची. त्यामुळे अजूनही कोणी समोर बसून काही लिहीत असेल तर मला ते माझ्या बाजूने घडाघडा वाचता येतं. आणि अक्षर पाहिलं की माणूस ओळखतो. हजारभर हस्तलिखितं डोळ्यांखालून गेलीत, गंमत नाही.

आता हे माझं स्वतःचं. 'दोन नगरांचा धूर', लेखक प्रा. धूम्राक्ष. 'सावळीराम गांगुर्डे, निवृत्त कंपोझिटर' असं छापलं असतं तर लोकांनी आधी वेलांट्या तपासल्या असत्या. नावापुढे 'प्रा.' असला की चुकासुद्धा अभ्यासपूर्ण वाटतात. हे गुपित मी, छापखान्याचे मालक आणि ही वही, एवढ्यांतच. घरात सांगितलेलं नाही.

गोष्ट पुढच्या काळातली. नदीच्या दोन काठांवर दोन नगरराज्यं, एकमेकांच्या जिवावर उठलेली. पलीकडच्या काचनगरात भिंती काचेच्या. अलीकडच्या लोहनगरात घंटा झाली की बोलायचं नाही. कोण कुठे गेलं, कोणी काय वाचलं, सगळ्याची नोंद. एक खून होतो. हेर मार्तंड ओव्हरकोट घालून धुरात हिंडतो. नोंदणी कचेरीतली तारका नावाची मुलगी पूल ओलांडून पळू पाहते. शेवटी मार्तंड तिला पुलावर गाठतो आणि परत आणतो. नगरपाल तिच्यावर रागावत नाही. "बाळ, बाहेर धुकं आहे," म्हणतो आणि तिला तिच्या टेबलाशी बसवतो. हे लिहिताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. येणारा काळ कितीही वाईट असो, एक तरी माणूस मायेचा असावा.

१२ जानेवारी, बुधवार

पंचवटी कारंजाजवळच्या माझ्या या लायब्ररीला अकरावं वर्ष चालू आहे. पुढची खोली पुस्तकांची, मागच्या दोन आमच्या. काउंटरवर मैना बसते, माझी मुलगी. बी.ए. झाली, चोविसावं चालू आहे. हुशार आहे, पुस्तकाचा नंबर विचारायच्या आत हातात देते. तिच्यासारखी बसणारी मला कुठे मिळणार?

भिंतीवर माझ्या हातच्या पाट्या आहेत. 'मोठ्याने बोलू नये.' 'पुस्तकात लिहू नये.' 'पाने दुमडणाऱ्याचे नाव फळ्यावर लावले जाईल.' साडेआठला मी पितळी घंटा देतो, एका शाळेच्या जुन्या सामानात मिळालेली. घंटा झाली की सगळे उठतात. शिस्त म्हणजे शिस्त. वाचकांवर माझं पोटच्या पोरांसारखं प्रेम आहे, म्हणून कोण काय नेतो यावर नजर ठेवतो. गेल्या वर्षी एका मुलाने नको ते पुस्तक नेलं, मी त्याच्या वडिलांच्या कानावर घातलं. पोरगं पुन्हा फिरकलं नाही. सुधारलं असावं.

आज 'धूर'च्या बारा प्रती कपाटात लावल्या. शेवटी चार कोरी पानं चिकटवली आणि वर लिहिलं, 'वाचकांनी येथे मोकळेपणाने अभिप्राय लिहावा.' लेखकाला कळायला नको का, लोक काय म्हणतात ते?

१९ जानेवारी, बुधवार

नऊ प्रती जाऊन आल्या. कोरी पानं कोरीच.

२३ जानेवारी, रविवार

आज विमलाबाईंना विचारलं. या निवृत्त शिक्षिका, वाचनात सगळ्यांत पुढे. म्हटलं, "बाई, मोकळेपणाने लिहा असं लिहिलंय ना?"

"लिहिलंय की," त्या म्हणाल्या. "त्याच्याच वर भिंतीवर 'पुस्तकात लिहू नये' अशी पाटी आहे. लोकांना वाटतंय सापळा आहे. लिहिलं की नाव फळ्यावर."

"काहीतरीच! मी काय तसा आहे?"

विमलाबाई खोकल्या. मैनाने तेवढ्यात पुस्तक खाली पाडलं आणि ते शोधायला वाकली ती बराच वेळ वर आली नाही.

पाटीखाली एक चिठ्ठी लावली: 'पुस्तक क्र. २११४ या नियमास अपवाद. — व्यवस्थापक.'

३० जानेवारी, रविवार

पहिला अभिप्राय! कोंडाजी वाघचौरे, लासलगावचे कांद्याचे व्यापारी. दर रविवारी मुलीकडे येतात, जाताना चार पुस्तकं नेतात. लिहिणं त्यांना जमत नाही म्हणून तोंडीच दिला, तोही पाटीला न जुमानता मोठ्याने.

"बापू, ह्यो परफेसर आपल्या लासलगावचा हाय! लोहनगर म्हंजी लासलगाव न् काचनगर म्हंजी विंचूर. सरळ हाय की!"

"अहो, त्यात नदी आहे. लासलगाव-विंचूरमध्ये कुठली आली नदी?"

"ती त्यानं मागून घातली. भाव पाडायला विंचूरवाले रातोरात काय करत्यात ते सगळं लिव्हलंय त्यानं. मी गाड्यावर बसून वाचून दाखवलं, आमच्या यार्डात चार जण रडले. खून झालेला तो कोण ते पण सांगू का?"

"नको," मी म्हणालो. गोष्टीत कांद्याचा उल्लेख एकदाच आहे. मार्तंड भजी खातो.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन क्रमांकाच्या प्रतीत, पान ४१ च्या समासात, जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं. नगरपाल घंटा देतो त्या प्रसंगाशेजारी:

'घंटा ओळखीची वाटते.'

कोऱ्या पानांवर नाही, समासात! आणि ठोकळ्यासारख्या छापील अक्षरांत, लहान मूल काढतं तशा. मुद्दाम. अक्षर ओळखता येऊ नये म्हणून.

मला वाटतं कुणाला आपल्या शाळेची आठवण झाली असावी. लेखणीत एवढी ताकद आहे म्हणायची.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

नाथा पोस्टमन मैनाच्या नावाचं रजिस्टर पत्र घेऊन आला. मैना आईबरोबर भाजीला गेली होती. नाथा म्हणाला, "नियमानं ताईच्याच सहीनं द्यायला पाहिजे. पण बापू, तुम्ही म्हंजे काय परके?" मी सही केली. त्याची ती ओली झाली की रंग सोडणारी पेन्सिल, बोटाला डाग पडला.

सरकारी लिफाफा होता. उघडला. मैनाची मालेगावला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नेमणूक. २१ मार्चला हजर व्हावं, न झाल्यास नेमणूक रद्द.

परीक्षा दिली ती मला माहीत होतं. मुलाखतीला मैत्रिणीच्या लग्नाला म्हणून गेली असावी. मला वाटलं होतं देऊ दे, परीक्षा दिल्याने ज्ञान वाढतं.

पत्र कपाटात शब्दकोशाखाली ठेवलं. दडवलं नाही. ठेवलं.

१२ फेब्रुवारी, शनिवार

काल नीट झोप नाही. विचार केला तो असा. मालेगाव म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट, आग्रा रोडवर ट्रकांची रांग, ओळखीचं एक घर नाही. एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी असते. मुलगी घरात सुखात आहे, पुस्तकांत आहे. आणि मला आता जवळचं दिसत नाही, नोंदी तीच ठेवते. योग्य वेळ आली की मीच सांगेन. आधी थोडी तयारी झाली पाहिजे, तिच्या मनाची.

मैना सकाळी म्हणाली, "बापू, नाथाकाका येऊन गेले का हो काल?"

"येतच असतात," मी म्हणालो. हे खोटं नाही.

२० फेब्रुवारी, रविवार

कोणाच्या तरी पिशवीतून एक प्रत प्रवासाला गेली असावी, कीर्तीचा वास गावाबाहेर गेला. मालेगावहून प्रा. धूम्राक्ष यांना, द्वारा लायब्ररी, असं पत्र काल आलं. कोणी मुश्ताक अहमद, यंत्रमाग दुरुस्त करणारा जॉबर. लिहितो: 'आदरणीय प्रोफेसरसाहेब, आपण मोसम नदीच्या दोन बाजूंचं जे वर्णन केलं ते वाचून आमच्या कारखान्यात दोन गट पडले. कॅम्पातले म्हणतात काचनगर म्हणजे आम्ही. किल्ल्याकडचे म्हणतात नाही, आम्ही. आपण निकाल द्यावा म्हणजे माग चालू होतील. शिवाय हेर इतक्या बिड्या ओढतो, त्याला छातीचा त्रास कसा नाही?'

इकडे पंचवटीवाल्यांची खात्री आहे की लोहनगर म्हणजे गोदागंगेपलीकडचं नाशिक, आणि मेनरोडवाल्यांची खात्री की लोहनगर म्हणजे पंचवटी. पूल म्हणजे होळकर पूल, यावर मात्र दोन्हीकडे एकमत. प्रत्येकाला वाटतं, वाईट नगर समोरच्या काठावर.

हसू येतं. लोक कादंबरी वाचत नाहीत, शेजाऱ्याला वाचतात. आरशात पाहायचं सोडून खिडकीतून बघतात.

(हे वाक्य दुसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत घालावं.)

२४ फेब्रुवारी, गुरुवार

नाथा पोस्टमननेही 'धूर' नेलं. म्हणाला, "माझ्या वाटपाची सगळी लाइन बोलतीय बापू, म्हटलं आपण मागं का ऱ्हावं." जाताना थबकला. "ताईला ते रजिस्टर मिळालं ना?"

"व्यवस्थित ठेवलंय," मी म्हणालो.

३ मार्च, गुरुवार

सात क्रमांकाची प्रत परत आली. आठव्या प्रकरणात नगरपाल तारकेला पलीकडून आलेलं पत्र स्वतःकडे ठेवून घेतो, तिच्या मनाची शांती भंगू नये म्हणून. हा प्रसंग मी फार हळुवार लिहिला आहे. त्याच्या बाजूला, पान ८८, जांभळी पेन्सिल, कागद फाटेल इतकी दाबून:

'हे बरोबर नाही. ज्याचं त्याला द्यावं.'

आणि त्याच्याखाली: 'मी चूक केली.'

मी कोण? कसली चूक? पुस्तक वाचायला घेतलं ही? असले वाचक मिळाल्यावर लेखकाने काय करावं?

५ मार्च, शनिवार

जांभळी पेन्सिल पसरत चालली आहे. तपास केला. बारा प्रतींत एकूण सतरा शेरे, सगळे ठोकळ्याच्या अक्षरांत. काही उतरवून ठेवतो.

पान १९: 'ओव्हरकोट? वैशाखात?'
पान ५३, नगरपाल सर्वांच्या नोंदी वाचतो तिथे: 'उलट्याही वाचतो.'
पान ६०, नगरपाल म्हणतो 'तुम्ही सगळी माझी लेकरं', तिथे: 'लेकरं मोठी होतात.'
पान १२०, 'नगरपालाला झोप येईना': 'आम्हालाही. घंटेमुळे.'
पान २०४, तारका परत टेबलाशी बसते, शेवट. तिथे नऊ प्रतींत नऊ वेळा: 'तिला जाऊ द्या.'

इतका सुंदर शेवट! नऊ जणांना कळला नाही की एकाच माणसाने नऊ वेळा लिहिलं?

पान ५३ चा शेरा मला समजला नाही. नगरपाल उलटं वाचतो असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

९ मार्च, बुधवार

काउंटरवर जांभळी पेन्सिल कोणाकडे दिसते का, यावर पाळत ठेवली. खुर्ची दाराजवळ हलवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला दोन ओळींचा नमुना लिहायला लावला: 'नवीन नोंदणीसाठी.' विमलाबाई म्हणाल्या, "माझी नोंदणी दहा वर्षांपूर्वी झालीय."

"पुन्हा करतोय."

"बोटांचे ठसे पण घ्या, बापू. शाई आणू का?"

रागाने बोलल्या नाहीत. पण पुढचे तिघे दारातूनच मागे फिरले. सगुणा, माझी बायको, मागच्या दारातून हे बघत होती. तिला अक्षरं मी शिकवली, लग्नानंतर, पाटीवर. जोडून जोडून वाचते, कामाच्या पसाऱ्यात पुढे गेली नाही. म्हणाली, "काय चाललंय हे?"

"साहित्यिक तपास," मी म्हणालो.

"मार्तंड झालाय वाटतं तुमचा."

मी चमकलो. हिला मार्तंड कोण हे कसं कळलं? मैनाने गोष्ट सांगितली असेल.

१३ मार्च, रविवार

वाचकमेळावा घेतला. हेतू दोन. एक, प्रा. धूम्राक्ष यांच्या कृतीवर चर्चा. दोन, जांभळी पेन्सिल आपोआप बोलून जाईल.

चाळीस माणसं आली. खोलीत मावेनात, कोंडाजी पायरीवर बसले. नाथा खाकी कपड्यातच आला, मान खाली घालून कोपऱ्यात. मी प्रास्ताविकात म्हणालो की ही कृती म्हणजे उद्याच्या हुकूमशाहीचा इशारा आहे.

कोंडाजी ओरडले, "इशारा विंचूरला!" टाळ्या पडल्या.

मग विमलाबाई उठल्या. "मला नगरपालाबद्दल बोलायचंय. लेखकाला वाटतं नगरपाल फार प्रेमळ आहे."

"आहेच," मी म्हणालो.

"आणि लेखकाला वाटतं, लोक त्याला भितात."

"भितातच. पण त्याच्या मायेपोटी..."

"नाही हो, बापू. भीत नाहीत. सांभाळून घेतात. म्हातारा आहे, मनाने चांगला आहे, वेळेला मदत करतो, जाऊ दे म्हणतात. पण त्यामुळे त्या पोरीचं आयुष्य जातं, त्याचं काय?"

एकदम गलका झाला. सगळे एकाच वेळी बोलायला लागले. सवयीने माझा हात गेला आणि मी घंटा वाजवली.

सगळी खोली गप्प. मग कोणीतरी फसकन हसलं. मग दुसरा. मग चाळीसच्या चाळीस माणसं पोट धरून हसायला लागली. कोंडाजी पायरीवरून घसरले. मीही हसलो, सभेला बरं दिसावं म्हणून, पण विनोद काय झाला ते मला कळलं नाही.

एकटी मैना हसत नव्हती. माझ्याकडे बघत होती, आजारी माणसाकडे बघतात तशी.

१४ मार्च, सोमवार

नाथा डाक घेऊन आला. दारातच उभा राहिला, आत येईना.

"बापू, पान अठ्ठ्याऐंशी माझं."

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. कानावर पेन्सिल. ओली झाली की जांभळी होणारी. महिनाभर बोटाला डाग घेऊन हिंडलो आणि माझ्या लक्षात आलं नाही! चौतीस वर्षं अक्षरं ओळखणारा मी.

"म्हणजे सगळे शेरे तुझे?"

"एकच माझं. बाकी पेन्सिल फिरली. आधीपासून फिरतीय. पहिल्यांदा विमलाबाईंनी मागितली, मग रांगेत ज्यानं त्यानं. तुम्ही अक्षर ओळखता ना, म्हणून सगळ्यांनी छापील काढलं. एकाच पेन्सिलीनं. म्हंजे कोणाला धरायचं ते तुम्हाला कळू नये."

"अरे, पण का?"

"आता काय सांगू, बापू?" तो रडवेला झाला. "आम्हाला पयल्याच दिवशी कळलं पुस्तक तुमचं हाय. नगरपाल चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतो, असा दुसरा कोण हाय पंचवटीत? गंमत चालली होती. पण ते पत्राचं वाचलं न् मी पुस्तक मिटून ठेवलं. मी रजिस्टर दुसऱ्याच्या हातात दिलं. माझी नोकरी जाईल त्याचं सोडा. ताई रोज मला विचारायची, नाथाकाका, माझं काही आलं का. काय तोंड दाखवायचं तिला?"

तो गेला. मी घंटेकडे बघत बसलो. कधीची काळवंडलीय. कालचं हसू आता मला कळलं, एक दिवस उशिरा.

१५ मार्च, मंगळवार

'धूर' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. वाचक म्हणून.

नगरपाल असह्य आहे.

१६ मार्च, बुधवार

आज सकाळी सगुणा भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पुसत होती. मी खुर्चीवर बसून शब्दकोशाच्या कपाटाकडे बघत होतो. ती वळलीसुद्धा नाही.

"फोटोला हार घालता," म्हणाली, "न् पोरीला कुलूप घालता."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या पुस्तकानं. पान अठ्ठ्याऐंशी. जोडून जोडून वाचलं, चार दिस लागले. मग शब्दकोश उचलून बघितला. तुमी जड वस्तूखालीच ठेवता सगळं."

"मग तू तिला दिलं का नाहीस?"

"तुमी ठेवलंय. तुमीच द्या. मी दिलं तर तिला पत्र मिळंल. तुमी दिलं तर बाप बी मिळंल."

मी उठलो. काउंटरपर्यंत आठ पावलं आहेत. मैना नोंदी करत होती. लिफाफा तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "अकरा फेब्रुवारीला आलं. मी ठेवून घेतलं होतं."

तिने उघडला नाही. त्याच्यावरचा जांभळा डाग बोटाने चाचपला.

"मला माहीत आहे, बापू. गेल्या आठवड्यात नाथाकाकांनी सांगितलं. मी मालेगावच्या एक्स्चेंजला हजर होणार म्हणून कळवलंसुद्धा. खोलीही ठरवलीय, तिथल्या एका ऑपरेटरबाईंबरोबर."

"मग माझ्याकडे मागितलं का नाहीस?"

"बघत होते," ती म्हणाली. "तुम्ही वीस तारखेपर्यंत देता का."

"आणि नसतं दिलं तर?"

"तरी गेले असते. पण मग पत्र लिहिलं नसतं."

त्यानंतर ती नोंदी करायला लागली. मी समोर उभा होतो. ती काय लिहीत होती ते मला माझ्या बाजूनेही वाचता आलं नाही. डोळ्यांपुढे सगळं पाण्यात पडल्यासारखं.

१९ मार्च, शनिवार

छापखान्यात गेलो. मालकांना म्हटलं, एक शुद्धिपत्र काढायचंय. छापून झालेल्या पुस्तकात चूक राहिली की आम्ही अशी चिठ्ठी जुळवून आत चिकटवायचो. दुसऱ्यांच्या चुकांची शेकड्यांनी जुळवली. मालक म्हणाले, "वेलांट्या राहिल्या का?"

"नाही. शेवट राहिला."

खिळे मीच जुळवले. डोळे साथ देत नव्हते, बोटांना मात्र पेटीतलं प्रत्येक अक्षराचं घर ठाऊक होतं.

'शुद्धिपत्र. पान ८८, ओळ ४: "पत्र ठेवून घेतले" याऐवजी "पत्र दिले" असे वाचावे. पान २०४, शेवटच्या अकरा ओळी रद्द समजाव्यात. त्या जागी: तारका पूल ओलांडून गेली. मार्तंड पुलाच्या अलीकडे थांबला. — सावळीराम गांगुर्डे, लेखक आणि कंपोझिटर.'

दुपारी मैना आणि मी बारा प्रतींत चिठ्ठ्या चिकटवल्या. खळ तिने केली. पान ४१ पाशी ती थांबली आणि पहिल्यांदा हसली. म्हणाली, "घंटेचं मी लिहिलं होतं."

२० मार्च, रविवार

सीबीएस स्टँडवरून सकाळची मालेगाव गाडी. एक ट्रंक, एक वळकटी. मी तिला सूचना द्यायला तोंड उघडलं, सगुणाने माझ्या पायावर पाय दिला. तोंड मिटलं.

नेमके कोंडाजी तिथे भेटले, लासलगावहून उतरत होते. सगळं ऐकून म्हणाले, "मंजी शेवटी तारका पळाली व्हय? मला ठाऊक हुतं. पण बापू, मालेगावला कशापायी धाडता? लासलगाव काय वाईट हाय?"

परत आल्यावर पाट्या काढल्या. भिंतीवर पांढरे चौकोन राहिलेत. 'पाने दुमडू नयेत' एवढी एकच नवी लिहून लावली. काही झालं तरी पानं दुमडू नयेत.

२ एप्रिल, शनिवार

काउंटरवर आता मी बसतो. नंबर सापडत नाहीत, वाचक आत येऊन स्वतःच शोधतात आणि मोठमोठ्याने बोलतात. गर्दी वाढली आहे. विमलाबाई म्हणतात 'धूर'चा नवा शेवट चांगला आहे, पण मार्तंडाचा ओव्हरकोट अजून खटकतो.

दुपारी नाथा आला. हातात पोस्टकार्ड. लांबूनच ओळखलं अक्षर. मी हात पुढे केला.

नाथा माझ्या हाताला वळसा घालून सरळ आत गेला.

"सगुणाबाई गांगुर्डे!" त्याने पुकारा केला. "तुमच्या नावाचं हाय. तुमच्याच हातात देणार."

साधं कार्ड होतं, सही लागत नाही. तरी त्याने कानावरची पेन्सिल काढून जिभेला लावली आणि आपल्या वहीत तिची सही घेतली. ती सावकाश, एकेक अक्षर काढत करत होती. नाथा ऐटीत उभा होता, मी नसल्यासारखा.

सगुणा माझ्या समोर बसली आणि कार्ड वाचायला लागली. जोडून जोडून, ओठ हलवत. पहिल्या ओळीलाच दोन मिनिटं गेली. "प्रि-य आ-ई," म्हणाली आणि थांबली. मध्ये हातभराचं अंतर, कार्ड तिच्याकडे सुलटं, म्हणजे माझ्याकडे उलटं. मला एका दमात सगळं वाचता आलं असतं.

मी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"वाच," म्हणालो. "सावकाश वाच. मी ऐकतोय."